शालीला सुई किती नंबरची?

चार बायका विणायला बसल्या की शाल सावकाश होते आणि किस्से भराभर होतात. शालीचं एक बरं असतं, चुकली तर उसवता येते. किस्सा एकदा घडला की घडला, तो कोणाच्या बापाला उसवता येत नाही! आमच्याकडे तर इतके साठलेत की लोकरीच्या पेटीत लोकर कमी आणि आठवणीच जास्त निघतात.

आम्ही म्हणजे चौघी. नांदेडला तरोड्याकडच्या एका कॉलनीत, नलूताईंच्या पोर्चमध्ये, दुपारची भांडी झाली की जमतो. नलूताई गणिताच्या रिटायर्ड शिक्षिका. त्या रिटायर्ड झाल्याचं शाळेला कळलंय, त्यांना अजून कळलेलं नाही. सुरेखा माहेरची लातूरची आणि हे ती दिवसातून एकदा तरी सांगते. मंगल माहेरची लोह्याची, सासर हदगावचं, नवऱ्याचं नांदेडात खत-बियाण्यांचं दुकान. चौथी मी, जिल्हा परिषदेतून निवृत्त. मला सगळ्या मान देऊन ‘कांबळे मॅडम’ म्हणतात आणि चहा माझ्याकडूनच करून घेतात.

नांदेडात बसून लोकर विणणं हाच मुळात चेष्टेचा विषय. इथे थंडी कधी आली आणि कधी गेली, ते स्वेटर शोधेपर्यंत कळत नाही. एकदा भर उन्हाळ्यात आम्ही चौघी मांडीवर लोकर घेऊन घाम पुसत बसलो होतो. कुरिअरवाला आला, बघत राहिला आणि म्हणाला, “काकू, हे कोनासाठी करून राहिल्या? काश्मीरला धाडता का?”

नलूताई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “नाही रे, तुझ्यासाठीच आहे. ये, माप दे.”

तेव्हापासून तो पार्सल गेटवरून आत टाकतो आणि पळतो!

*

आता सगळ्या किश्श्यांच्या मुळाशी एक शाल आहे, ती सांगते.

मंगलच्या सासूबाई, आत्याबाई, हदगावला राहतात. पंच्याहत्तरीला आलेल्या, ताठ, कडक, आणि कौतुकाच्या बाबतीत अत्यंत काटकसरी. लग्न होऊन आल्यापासून मंगलने केलेल्या एकाही गोष्टीला त्यांनी चांगलं म्हटलेलं नाही. म्हणजे वाईटही म्हणत नाहीत, श्रेय दुसऱ्याला देतात. मंगलने पुरणपोळी केली तर म्हणाल्या, “गूळ चांगला व्हता.” दारात रांगोळी काढली तर, “बाजारात रंग बरे मिळून राहिले आता.” मंगलची मुलगी दहावीत चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा म्हणाल्या, “मास्तर चांगले हाईत तिथले.”

पंच्याहत्तरीचा कार्यक्रम हदगावला करायचं ठरलं. आत्याबाईंचा खरा वाढदिवस कोणालाच माहीत नाही, पण आधार कार्डावर एक जून आहे. त्यांच्या पिढीतला अर्धा मराठवाडा एक जूनलाच जन्मलेला आहे, त्यामुळे तारखेवर वाद झाला नाही.

सत्कार म्हटला की शाल-श्रीफळ आलंच. मंगल म्हणाली, “मी माझ्या हातानं विणलेली शाल घालणार.”

सुरेखा म्हणाली, “अगं, सत्काराची शाल कोण अंगावर ठेवतं? फोटो झाला की काढायची, पिशवीत घालायची, पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या गळ्यात.”

“तेवढंच तर पायजे मला,” मंगल म्हणाली. “चांगली म्हनू नका म्हनावं. फकस्त फोटो झाल्याबरोबर काढू नका. थोडा वेळ राहू द्या अंगावर. बस!”

आम्ही तिघींनी एकदम आपापल्या सुयांकडे बघितलं. मग मी चहा टाकायला उठले.

*

नलूताईंचा पहिला नियम, आधी नमुना. शाल सुरू करण्यापूर्वी त्याच लोकरीचा, त्याच सुईने, हाताच्या पंजाएवढा चौकोन विणायचा. तो धुवायचा, वाळवायचा, कंपासपेटीतल्या पट्टीने मोजायचा आणि इंचात किती टाके बसले ते बघायचं. जास्त बसले तर वीण घट्ट, जाड सुई घ्या. कमी बसले तर सैल, बारीक सुई घ्या. सोपं आहे. पण सोप्या गोष्टी बायका करत नाहीत असं नलूताईंचं मत आहे आणि आम्ही ते रोज खरं करून दाखवतो.

सुरेखाने नमुना विणला. नलूताईंनी विचारलं, “धुतला का?”

“न्हाई.”

“का?”

“ताई, मी लातूरची हाय. आमच्याकडं एका बादलीत आंघोळ, मग त्याच पान्यात कपडे, मग तेच पानी झाडाला. एवढ्याशा तुकड्यासाठी पानी घालवलं असं माहेरी कळलं तर मला दिवाळीला बोलावनार न्हाईत.”

नलूताई म्हणाल्या, “अगं, न धुता मोजलं तर माप चुकतं.”

“चुकू द्या. मापापेक्षा पानी म्हाग!”

शेवटी आठवड्याने तो नमुना धुऊन वाळवून आला. नलूताईंनी खूश होऊन मोजला. मग वास घेतला. मग परत वास घेतला.

“सुरेखा, हा कशात धुतलास?”

“तांदूळ धुतलेल्या पान्यात. वाया कामून घालवायचं?”

त्या नमुन्याला कांजी लागून तो पापडासारखा कडक झाला होता. माप मात्र अगदी अचूक आलं, कारण आता तो हलायलाच तयार नव्हता.

*

मंगलच्या शालीसाठी लोकर आणि सुया घ्यायला आम्ही वजिराबादेत गेलो. तिथे एका बोळात चाचांचं दुकान आहे. लोकर, लेस, बटणं, अस्तर, सगळं एका खोलीत, आणि मधे चाचा.

दुकानात शिरताच नलूताई म्हणाल्या, “दहा नंबरची सुई. बारीक, नीटस वीण येईल.”

सुरेखा म्हणाली, “दहावर तर बाळाची टोपडी विणतात. शालीला सहा नंबर.”

मी मधला मार्ग म्हणून आठ म्हणाले. ऑफिसमध्ये आयुष्यभर तेच केलं.

आमचं इतकं जुंपलं की बटणं घ्यायला आलेली एक बाई निकाल ऐकायला थांबून राहिली. चाचा शांतपणे लडीवरून लोकर गुंडाळत होते. शेवटी मंगलने त्यांनाच विचारलं, “चाचा, तुम्हीच सांगा.”

चाचा म्हणाले, “देखो बाजी, सुई का नंबर मैं बोलतूं. हाथ का नंबर कौन बोलता? एकीच सुई, चार बाजी बैठे तो चार माप की शाल होती.”

फार खरं बोलले होते. नलूताईंनी तर मान डोलावली, जी त्या सहसा डोलावत नाहीत.

आम्ही अशा भारावलेल्या असताना चाचांनी आम्हाला सहा, आठ आणि दहा, तिन्ही नंबरच्या सुया विकल्या!

*

सुरेखाला मात्र दुकानातल्या सुया पसंत पडल्या नाहीत. तिने मोबाइलवर मागवल्या. “आठच्या मागवल्यात,” म्हणाली, “बांबूच्या हाईत, हाताला घाम येत न्हाई.”

कुरिअरवाल्याने पार्सल गेटवरून टाकलं. ते पडल्याचा असा आवाज आला की नलूताईंना वाटलं कुंडी फुटली. सुरेखाने खोकं उघडलं. आतून दोन दांडके निघाले, बोटाएवढे जाड!

नलूताईंनी खोकं उलटसुलट करून वाचलं आणि कपाळाला हात लावला. “अगं, हे आठ मिलिमीटर आहे! आपल्याकडच्या सुयांना नंबर वाढला की सुई बारीक होत जाते. या मिलिमीटरच्या हिशोबात आकडा वाढला की जाड.”

“मग तसं लिहायचं न्हाई का त्यांनी?”

“लिहिलंय. मोठ्या अक्षरात लिहिलंय.”

“ताई, मी कॉमर्सची हाय.”

परत पाठवायची मुदत संपेपर्यंत सुरेखा परत पाठवू-पाठवू म्हणत राहिली. मग एक सुई तिने टोमॅटोच्या रोपाला आधार म्हणून रोवली आणि दुसरी छोट्या खिडकीच्या पडद्यात दांडी म्हणून घातली. तिचे मिस्टर कोणी घरी आलं की कौतुकाने दाखवायचे, “ही आमच्या मॅडमची सुई. हिनं हत्तीला स्वेटर करनार हाईत.”

*

हातावरून माझाही एक किस्सा आहे. मंगलचा हात घट्ट आणि माझा सैल. मी मालिका बघत विणते, त्यामुळे मालिकेत रडारड सुरू झाली की माझे टाके लांबतात. नलूताईंनी नमुना करायला सांगितला होता. मी म्हटलं, करू नंतर.

आमच्या साहेबांसाठी, म्हणजे नवऱ्यासाठी, शाल विणली. तयार झाली तेव्हा बरोबर कमरेपर्यंत होती. लातूरला नात्यातलं लग्न होतं, म्हणून मी ती धुऊन दोरीवर वाळत घातली. ओल्या लोकरीला स्वतःचंच वजन पेलेना. सकाळी बघते तर शाल गुडघ्यापर्यंत!

साहेब भोळे. म्हणाले, “हौसेनं केलीस, घालतो.” लग्नात ती आणखी उतरत गेली. बुद्धवंदना होईपर्यंत पोटऱ्यांवर आली. जेवायला पंगत बसली तेव्हा शालीचं टोक साहेबांच्या मागे इतकं लांब पसरलं की एक पाहुणे त्यावर ऐसपैस बसले. साहेबांनी नम्रपणे टोक ओढलं.

पाहुणे म्हणाले, “असू द्या की साहेब, सतरंजी लई मोठी हाय. तुमी पन सरकून बसा!”

साहेब खरोखरच सरकून बसले.

*

आता मंगलची शाल. नलूताईंच्या आग्रहाने तिने दहा नंबरवर टाके घातले. नमुना केला नाही. “कायकू वेळ घालवायचा,” म्हणाली, चाचांचा गुण लागल्यासारखी.

मंगल विणायला लागली की सुया कुईकुई वाजतात, इतका तिचा हात घट्ट. पण तेवढ्यात आत्याबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नांदेडला मंगलकडेच राहायला आल्या. शाल लपवून विणायची, त्यामुळे मंगल आमच्याकडे यायची आणि भराभर दोन-चार ओळी ओढून परत पळायची.

आत्याबाई परत गेल्यावर मंगलने शाल आणून जमिनीवर पसरली. आम्ही बघतच राहिलो. वर रुंद, मधे आवळलेली, खाली परत रुंद. डमरूच!

नलूताईंनी पट्टी काढली आणि एकेका जागी बोट ठेवायला सुरुवात केली. “लोकर तीच, सुई तीच. मग इथे शाल आवळली का?”

“तवा आत्याबाई आल्या.”

“आणि इथे आणखी आवळली?”

“तवा त्यांच्या डोळ्याची पट्टी सुटली.”

“बरं. मग इथून एकदम सैल कशी झाली?”

“तवा त्या हदगावच्या गाडीत बसल्या.”

नलूताईंनी पट्टी बाजूला ठेवली. तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला पहिल्यांदाच उत्तर तपासायची गरज वाटली नाही.

सुरेखाने शाल उचलून भिंतीला टेकवली. इतकी घट्ट वीण होती की ती उभी राहिली. “हिला अंगावर घालायची गरजच न्हाई,” सुरेखा म्हणाली. “एसटीत बसवून द्या, ही आपली आपन जाईल हदगावला!”

आम्ही तिघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मंगलही हसली. हसता हसता तिने तोंडाला पदर लावला आणि तो काढेचना. मग आम्हाला कळलं की ती हसत नाहीये.

“मला त्यांच्यासमोर काहीच नीट जमत न्हाई,” ती म्हणाली. “त्या नसल्या तरी जमत न्हाई.”

*

त्या दुपारी आम्ही चौघींनी मिळून ती शाल उसवली. उसवायला मजा येते असं लोक म्हणतात. त्या दिवशी अजिबात आली नाही.

एक जूनला फार दिवस उरले नव्हते. बारीक सुईने आता होणं शक्य नव्हतं. नलूताईंनी डोळे मिटून मनात काहीतरी हिशोब केला, मग सुरेखाकडे बघून विचारलं, “ती हत्तीची सुई कुठाय?”

एक सुई पडद्यातून काढली. दुसरी टोमॅटोच्या रोपातून उपटली, धुतली, पुसली. रोप त्याच दिवशी आडवं झालं आणि सुरेखाने ते अजून आम्हाला माफ केलेलं नाही.

मंगलने आयुष्यात पहिल्यांदा नमुना विणला. त्या दांडक्यांवर तिचा घट्ट हात चालेना. कितीही आवळलं तरी टाका मोठाच पडायचा. शाल भराभर वाढायला लागली. तयार झाली तेव्हा नलूताईंनी ती उजेडात धरली. पलीकडचा रस्ता, रिक्षा, रिक्षातली माणसं, सगळं स्पष्ट दिसत होतं.

“जाळीदार आहे,” नलूताई सांभाळून म्हणाल्या.

“ताई, हिच्यात डाळ धुता येईल,” सुरेखा म्हणाली. मी तिला कोपर मारलं.

मंगलने घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

*

एक जूनला आम्ही तिघी जीपने हदगावला गेलो. पाऊस कुठेच नव्हता, ऊन रणरणत होतं. अंगणात मांडव, मांडवात दोन मोठे कूलर, आणि दोन्हींची तोंडं आत्याबाईंच्या खुर्चीकडे.

सत्कार सुरू झाला. पहिला मान पुण्याहून आलेल्या लेकीचा, छायाचा. तिने दुकानातली भारी, जरीकाठाची शाल आणली होती. घातली, फोटो झाला, आत्याबाई म्हणाल्या, “घडी कर. ठिव तिकडं.” मग भाऊबंद आले, शेजारचे आले, दुकानाच्या ओळखीचे आले. शाल, फोटो, घडी. शाल, फोटो, घडी. बाजूच्या पलंगावर शालींचा ढीग झाला. माझ्या अंदाजाने पुढच्या चार वर्षांच्या लग्नसराईची सोय झाली होती.

मंगल आत वाढपाची तयारी करत होती. तिला हाक मारून मारून बाहेर आणली. तिने पिशवीतून शाल काढली आणि आत्याबाईंच्या खांद्यावर टाकली.

आत्याबाईंनी शालीचं टोक उचललं. नव्या डोळ्याने नीट बघितलं. उलटून मागची बाजू बघितली. मग एका भोकातून बोट आरपार घालून विचारलं, “हे काय?”

“वीन हाय, आत्याबाई.”

“हूं.”

फोटोवाल्याने फोटो काढला. नलूताईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की तिथे नंतर वळ उठले. छाया सवयीने पुढे झाली, घडी करायला हात पसरून.

नेमकी तेवढ्यात लाइट गेली!

दोन्ही कूलर घरघर करत बंद पडले. मांडवात एका मिनिटात भट्टी पेटली. लोकांनी टोप्या काढल्या, रुमाल काढले, पत्रिकेने वारा घ्यायला सुरुवात केली. शेजारच्या गावचे सरपंच भाषणाला उभे राहिले होते, ते खाली बसले. एरवी ते बसत नाहीत.

छाया म्हणाली, “आई, काढ ती लोकर अंगावरची! उकडून मरशील.”

आत्याबाई हलल्या नाहीत. “ऱ्हाऊ दे.”

“अगं, सगळे घामाघूम झालेत!”

“ढिल्ली इनलीय हिनं,” आत्याबाई म्हणाल्या. “वारं येऊन राहिलं आतून.”

मंगल लोकांना पाणी द्यायला आणलेला जग घेऊन तिथेच उभी होती. जग वाकडा झाला आणि पाणी सुरेखाच्या पायावर सांडलं. आमची लातूरची सुरेखा पहिल्यांदाच वाया गेलेल्या पाण्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

बऱ्याच वेळाने लाइट आली. कूलर धडधडत सुरू झाले आणि गार वाऱ्याचा झोत थेट खुर्चीवर आला. लोकांनी हुश्श केलं. सरपंच परत उभे राहिले. छाया परत हात पसरून पुढे झाली.

“आता तरी दे आई. घडी करून ठेवते.”

आत्याबाईंनी शालीची दोन्ही टोकं पुढे ओढली, छातीशी घट्ट धरली आणि लेकीकडे रागाने बघितलं.

“आता कामून काढू? गार लागून राहिलं की!”